अण्णांची संकष्टी

सर्जेराव चौगुले यांची साखर हा शिरोळ तालुक्यात दोन वर्षं कौतुकाचा विषय होता. साखर म्हणजे दुकानातली नव्हे, रक्तातली. कुरुंदवाडच्या बाजारपेठेत त्यांचं बासुंदी-पेढ्यांचं दुकान. दिवसभर कढईच्या वाफेत उभं राहायचं, प्रत्येक कढई उतरली की चमचाभर जिभेवर ठेवून पाहायचं, आणि दहा वर्षांचा जुना मधुमेह असूनही या माणसाची साखर शंभरच्या आत गुमान बसलेली. लोक विचारत, अण्णा, करता तरी काय? अण्णा सांगत, कडुनिंबाचा काढा आणि घाटापर्यंत चालणं. झालं. निम्म्या गावानं कडुनिंब ओरबाडला. नगरपालिकेसमोरच्या झाडाला हात पोचेल तिथपर्यंत पान राहिलं नाही.

कौतुक करणाऱ्यांत पहिला नंबर केतकीचा, म्हणजे अण्णांच्या एकुलत्या एक मुलीचा. जयसिंगपूरच्या प्रतिदेह केंद्राची ती प्रमुख होती. गावोगावच्या शिबिरांत ती अण्णांचा आलेख पडद्यावर दाखवायची. नाव झाकलेलं असायचं, पण बासुंदीवाला म्हटल्यावर समजायचं ते सगळे समजायचे.

प्रतिदेह हे काय प्रकरण आहे ते आता शाळेतली पोरंही सांगतात. तरी ज्यांना पट्टीची नुसती खाज आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. दंडाला रुपयाएवढी पट्टी चिकटवायची. तिच्या पोटातली केसाहून बारीक सुई कातडीखालच्या पाण्यातून साखर मोजते, शरीरात दाह किती आहे त्याच्या खुणा टिपते, नाडी आणि झोप यांवर नजर ठेवते. वर्षभर ही माहिती साठली की केंद्रातलं यंत्र त्या माणसाचं दुसरं शरीर गणितात उभं करतं. त्याला रक्त नाही, मांस नाही, पण पोटात जेवण पडलं की त्याची साखर चढते आणि झोप मोडली की त्याची नाडी धावते. कोविडचा नवा अवतार आला की विषाणू आधी या प्रतिदेहात सोडायचा. पुढच्या पंधरवड्यात काय होणार ते यंत्र चहा निवायच्या आत दाखवतं. हिरवा रंग आला तर घरी बसा. नारिंगी आला तर गोळ्या सुरू करा. तांबडा आला तर पलंग आणि ऑक्सिजन राखून ठेवला जातो, माणूस धापा टाकायच्या आधीच.

या सगळ्यात माणसाला काही विचारायचं नाही, ही या व्यवस्थेची खरी हुशारी समजली जायची. माणूस डॉक्टरांशी खोटं बोलतो. गोड खात नाही म्हणतो, चालतो म्हणतो, गोळ्या वेळेवर घेतो म्हणतो. पट्टी खोटं बोलत नाही.

मधुमेही माणसाला हा विषाणू एवढा का छळतो, हे केतकी शिबिरात बायकांना कढईवरून समजावून द्यायची. साखर चढलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी सुस्तावतात. शत्रू ओळखायला त्यांना उशीर होतो, आणि उशीर झाला म्हणून नंतर त्या नको इतका हैदोस घालतात. त्या दाहात माणसाची स्वतःचीच फुप्फुसं पोळतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर साखरेनं आधीच खरखरीत झालेलं असतं, त्याला गुठळ्या धरतात. त्यात संसर्ग स्वतःच साखर चढवतो, कारण घाबरलेलं शरीर यकृतातली साठवण मोकळी सोडतं आणि इन्सुलिनला जुमानत नाही. फुप्फुसांचा दाह शमवायला स्टिरॉइड द्यावं, तर तेही साखर वाढवतं. मग केतकी विचारायची, बासुंदीत साखर सुरुवातीलाच घातली तर काय होईल? तळाला लागेल, असं बायका एका आवाजात सांगायच्या. तसंच हे, ती म्हणायची. पण साखर ताब्यात ठेवणारा मधुमेही पुष्कळदा सुखरूप पार पडतो. आणि मग पडद्यावर अण्णांचा आलेख यायचा.

तिच्या या तळमळीला कारण होतं. पहिल्या मोठ्या साथीत तिची आई गेली तेव्हा केतकी तिसरीत होती. आईला मधुमेह आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आईलाही नाही. सांगलीच्या एका दवाखान्यात तिला नेलं आणि दार बंद झालं. तेव्हा नातेवाइकांना आत सोडत नसत. अण्णा रोज डबा घेऊन फाटकाशी उभे राहायचे. एका दुपारी वरच्या खिडकीतून एका नर्सनं ओरडून त्यांना आकडा सांगितला, साखर साडेपाचशे. आईबद्दल त्यांच्या कानावर पडलेली ती शेवटची गोष्ट. दुसऱ्या दिवशी डबा परत आला.

त्यानंतर घरात कुणीतरी उभं राहणं भाग होतं. शालन आत्ती उभी राहिली. ती अण्णांची थोरली बहीण, एसटीत कंडक्टर. तिनं लग्न केलं नव्हतं. आता साथीनंतर कोण करून घेतंय, म्हणत तिनं तो विषयच मिटवला, आणि ड्यूटी सांभाळून केतकीला वेणीफणीपासून विज्ञानाच्या पदवीपर्यंत आणून सोडलं. अंगानं काटक, जिभेनं फटकळ. बासुंदीवाल्याच्या घरात जन्मून तिला गोडाची ओढ नाही. दर संकष्टीला कडक उपास, चंद्र दिसल्याशिवाय पाण्यापलीकडे काही नाही. बाई निवृत्त झाली, पण कुणी वाटेत उभं असलं की अजून तिच्या तोंडून “पुढं सरका” निघायचं.

या आत्तीनं दोन वर्षांपूर्वी एकाएकी लांब बाह्यांची पोलकी शिवून घेतली. केतकीनं चेष्टा केली, तेव्हा ती म्हणाली, थंडी वाजते. तो मे महिना होता.

आईच्या त्या एकट्या मरणातूनच केतकीनं केंद्राकडून एक नियम करवून घेतला होता. ज्याचा स्वतःचा प्रतिदेह हिरवा आहे असा एक नातेवाईक रुग्णासोबत आत राहू शकेल. आता कुणी एकटं मरायचं नाही, हे तिला त्या नियमातून म्हणायचं होतं. तिचा स्वतःचा प्रतिदेह मात्र नारिंगी होता. आईकडून नाक आलं होतं तशी साखरेची खोडही आली होती.

पौषात नवा अवतार आला. तो वेगानं पसरत होता आणि जुन्या लशींना फारशी दाद देत नव्हता. केंद्रात तीन दिवस कुणाला धड जेवायला सवड नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी आत्तीचा फोन आला. अण्णांना परवापासून ताप होता आणि घरच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या होत्या.

केतकीनं अण्णांचा प्रतिदेह उघडून त्यात विषाणू सोडला. यंत्रानं हिरवा रंग दाखवला. नुसता हिरवा नव्हे, शेरासकट. संसर्ग आहे, दाह नाही, साखर स्थिर, आजार सौम्य. तिला इतकं बरं वाटलं की तिनं हसत हसतच आत्तीला सांगितलं, काही काळजी करू नको, तुझा भाऊ आपल्या सगळ्यांपेक्षा धडधाकट आहे, घरीच राहू दे.

आत्तीनं आवाज एकदम खाली आणला. हळू बोलणं हा आत्तीचा स्वभाव नव्हता.

“केते,” ती म्हणाली, “तू हितं ये. आत्ताच्या आत्ता. फोनवर सांगण्यासारखं न्हाई.”

मागून अण्णांचा खोकला ऐकू येत होता. लांबलचक, कोरडा खोकला. केतकीची नजर समोरच्या पडद्यावर होती आणि तिथे अण्णांची नाडी देवळात बसलेल्या माणसासारखी शांत चालली होती. खोकणाऱ्या माणसाची नाडी अशी नसते. तिनं विचारलं, अण्णांनी आज खाल्लं काय? आत्तीनं सांगितलं, दुपारी दोन वाट्या पेज, तीही गूळ घालून, आणि नको नको म्हणताना वर साखरेचा चहा.

आलेखावर सकाळपासून साखरेची रेघ सरळ होती. पेज नाही, गूळ नाही, चहा नाही.

पट्टी सैल झाली असेल, असं तिला आधी वाटलं. पण सैल पट्टी मुकी होते. ही मुकी नव्हती. ती कुणातरी तब्येतीत असलेल्या, सकाळपासून उपाशी असलेल्या माणसाचं मजेत वर्णन करत होती. केतकीनं आलेख मागे सरकवला. गेल्या महिन्यात असाच एक दिवस होता. दिवसभर सपाट रेघ आणि रात्री एकदम चढ. त्याआधीच्या महिन्यात आणखी एक. चढायची वेळ मात्र दर महिन्याला निराळी, कधी नऊच्या आत, कधी दहाला टेकलेली. घड्याळाकडे बघून जेवणारा माणूस असा जेवत नाही. तिनं उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि संकष्टीच्या चौकोनात छापलेले चंद्रोदय आलेखाशी लावून पाहिले. एकही चुकला नाही. आजच्या चौकोनातही गणपतीचं छोटं चित्र होतं.

अण्णांनी जन्मात उपास धरला नव्हता. घरात संकष्टी करणारं माणूस एकच होतं.

दोन वर्षं ती ज्या आलेखाचा अभिमान मिरवत होती त्यात अण्णा नव्हतेच. बसून राहायला वेळ नव्हता. तिनं कपाटातून बोटाला टोचून साखर मोजायचं जुनं यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा उचलला आणि गाडी काढली.

आत्ती दारातच उभी होती. उजवी बाही खांद्यापर्यंत दुमडलेली आणि दंडावर पट्टी. तिनं काही लपवलं नव्हतं आणि विचारायची वाटही पाहिली नव्हती.

“मारायचं तर मागनं मार,” ती म्हणाली. “आधी त्याला बघ.”

अण्णा पलंगावर उठून बसले होते आणि दुकानावर कढई कोण ढवळतंय याची चौकशी करत होते. ओठ किंचित निळसर दिसत होते. या आजाराचा हा जुना कावा. रक्तातला प्राणवायू उतरत जातो, पण माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, तो गप्पा मारत मारत बुडतो. चिमट्यानं सत्त्याऐंशी दाखवला. केतकीनं त्यांचं बोट धरलं तशी अण्णांनी मान फिरवली आणि डोळे मिटून घेतले. एवढा बाप्या माणूस, पण टोचणीला नव्हे, आकड्याला भ्याला होता. यंत्रावर चारशे अडतीस आले.

“सांगू नगो,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

स्वयंपाकघरात आत्तीनं सगळं सांगितलं. पट्टी घरी आली त्या दिवशी अण्णा ती हातात घेऊन तासभर बसून राहिले होते. अंगाला घाम सुटला होता. पोरगीला रोज आकडा दिसणार, ती रोज घाबरणार, आणि एक दिवस कुणीतरी आपल्यालाही तो आकडा ओरडून सांगणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. दुकानाची चवही सुटत नव्हती, ते खरं होतंच. म्हणून आजच्या दिवस माझ्या दंडावर असू दे, म्हणत आत्तीनं ती लावून घेतली. आजचा दिवस दोन वर्षं चालला. आपण भावाचं ओझं उचलतोय असं तिला वाटत होतं. घरातल्या एकासाठी दुसऱ्यानं उपास करायचा, नवस फेडायचा, हे ती लहानपणापासून बघत आली होती. पट्टी तिला त्यातलीच वाटली. यंत्र ती खरी मानून चालेल आणि त्यावर एक दिवस पलंग ठरेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आज हिरवा ऐकला तेव्हा आलं.

केतकीला रागवायचं होतं, पण राग यायला वेळ लागला आणि तोवर कामं सुरू झाली होती. पलंग रंगावरच मिळत होते आणि अण्णांचा रंग हिरवा होता. तिनं पुण्याच्या वरिष्ठांना, डॉ. केळुसकरांना, फोन लावला. केळुसकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला सोपी वाट दाखवली. पट्टी बिघडली अशी नोंद कर, म्हणाले. कुणावर ठपका नाही, रांगेत नंबर लागेल, उद्या सकाळपर्यंत पलंग मिळेल. दुसरी नोंद होती ती म्हणजे प्रतिदेह दुसऱ्याचा आहे. तिच्यावर पलंग ताबडतोब मिळतो, कारण मग यंत्रानं सांगितलेलं सगळंच खोटं ठरतं. पण त्याबरोबर केतकीनं खरे म्हणून शिक्का मारलेले तालुक्यातले सगळे प्रतिदेह तपासणीपर्यंत बाजूला पडतात. आणि चौकशी बसते ती तिच्यावर.

उद्या सकाळ अण्णांना दिसेलच असं नव्हतं. तेवढ्यावर तिचं ठरलंच होतं. पण फोन ठेवता ठेवता तिला नगरपालिकेसमोरचा तो ओरबाडलेला कडुनिंब आठवला, आणि त्यानंतर तालुक्यातले कितीतरी आलेख खाली आले होते तेही. काढ्यानं साखर उतरलेले एवढे लोक तालुक्यात खरंच होते का? तिनं आत्तीकडे पाहिलं. आत्तीनं नजर चुकवली.

“माझ्या वळखीच्याच चौघी हायत,” ती म्हणाली. “कुणाच्या दंडावर सासऱ्याची पट्टी, कुणाच्या दादल्याची. मीच त्यास्नी म्हटलं हुतं, काय हुतंय त्यात.”

केतकीनं दुसरी नोंद केली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मग तालुक्याच्या प्रत्येक फोनवर जाईल असा निरोप लिहिला. तिनं त्यात फार शब्द घातले नाहीत. माझ्या वडिलांची पट्टी माझ्या आत्तीच्या दंडावर होती, त्यांना आता दवाखान्यात न्यावं लागतंय. तुमच्या घरातही तसं असेल तर आत्ता सांगा, कुणी रागावणार नाही, ज्याची पट्टी त्याची साखर आधी बोटाला टोचून मोजा. हे तिनं दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण आपल्या माणसाची चूक चव्हाट्यावर मांडायला कुणालाच आवडत नाही. पण नाव लिहिल्याशिवाय कुणी विश्वास ठेवला नसता.

संध्याकाळपर्यंत केंद्राचे फोन थांबेनात. कुठे सुनेच्या दंडावर सासरा निघाला, कुठे धाकट्या जावेच्या दंडावर थोरला दीर. तालुक्यातल्या कितीतरी पुरुषांची साखर उपास करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं वाहत होत्या आणि यंत्र त्या पुरुषांना शाबासकी देत होतं. त्यांतले अनेकजण ताप अंगावर काढत हिरव्या रंगाच्या भरवशावर घरी बसले होते. त्यांना त्याच संध्याकाळी गोळ्या मिळाल्या. केळुसकरांनी रात्री निरोप धाडला, की चौकशी होईलच, पण मी तुझ्या जागी असतो तर मला हे जमलं असतं की नाही, माहीत नाही. मोठ्या साहेबानं असं कबूल करायलाही छाती लागते.

फोनांची ही रांग लागायच्या आधीच अण्णांना कुरुंदवाडच्या सरकारी रुग्णालयात नेलं, तिथे डॉ. मगदूम दारातच भेटले. पलंग तयार होता. इन्सुलिन थेंबाथेंबानं द्यावं लागणार होतं, दर थोड्या वेळानं साखर मोजून हात आखडता किंवा सैल करावा लागणार होता, कारण स्टिरॉइड टाळता येणार नव्हतं. शिवाय पालथं झोपवायचं, कूस बदलायची, धीर द्यायचा. नर्स दोन आणि पलंग तीस. सोबत हिरव्या प्रतिदेहाचं कुणी आहे का, त्यांनी विचारलं.

केतकीनंच करवून घेतलेला नियम तिच्यासमोर उभा होता आणि ती नारिंगी होती. आत्तीच्या नावानं प्रतिदेहच नव्हता. पट्टी लावायला मला काय धाड भरलीय, असं ती कायम म्हणत आली होती. अण्णा स्ट्रेचरवरून केतकीकडे बघत होते. त्या नजरेत सांगलीचं फाटक होतं, हे तिला सांगावं लागलं नाही. आत एकटं जायचं म्हणजे काय, हे त्यांनी बाहेर उभं राहून पाहिलेलं होतं.

“मी जातो,” आत्ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं. “त्यो हिरवा रंग माझाच हाय न्हवं?”

केतकी तिच्याकडे वळली.

“तुझ्या यंत्रानं सांगितलंय, पट्टीवाल्याला काय हुईत न्हाई. पट्टीवाली मी. दोन वर्सं त्यानं माझंच अंग वाचलंय. मग आता अडलं कुठं?”

अडलं कुठंच नव्हतं. शास्त्रानं पाहिलं तरी तिचं बरोबर होतं. प्रतिदेह खोटा नव्हता, त्यावरचं नाव खोटं होतं. केतकीनं तिथेच पायरीवर बसून यंत्र उघडलं, वय बदललं, पुरुषाची स्त्री केली, मधुमेहाची खूण पुसली आणि विषाणू पुन्हा सोडला. रंग हिरवाच राहिला. तिसऱ्या दिवशी थोडा ताप, दोन दिवस अंगदुखी, मग काही नाही. तरी ती घुटमळली. हिरवा म्हणजे धोका कमी, धोका नाही असं नव्हे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं ते आत्तीला स्पष्ट सांगितलं. यंत्र चुकलं तर मी तुम्हा दोघांनाही गमावेन, हेही सांगितलं.

आत्तीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, की तिची आई गेली तेव्हा आत जायला रंग नव्हता, नाहीतर आपण तेव्हाही आत गेलो असतो. मग तिनं पदर खोचला. अण्णा स्ट्रेचरवरून पुटपुटत होते, आक्का, तू नगो. दारात दोन वॉर्डबॉय आडवे उभे होते.

“पुढं सरका,” आत्ती म्हणाली, आणि ते सरकले.

केतकी त्या बंद झालेल्या दाराकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त तिला आत्तीचा अभिमान वाटत होता. चूक झाली तर लोक ती झाकतात, नाहीतर रडत बसतात. या बाईनं चूक उलटी करून तिचं प्रवेशपत्र केलं होतं.

पुढचे दिवस केतकीनं फाटकाशी काढले. सकाळी तपासणीची कामं, नव्या पट्ट्या, खऱ्या दंडांवर. दुपारी डबा घेऊन रुग्णालय. चौकशीत तिची खुर्ची गेली. तिच्या जागी बसवलेल्या गृहस्थांना कुठल्या गावात कुणाला काय विचारायचं हेच कळेना, म्हणून ते रोज तिलाच फोन करत. तालुक्यातल्या त्या चुकीच्या पट्ट्यांच्या माणसांपैकी काही वाचली नाहीत. पुष्कळ वाचली. त्यांच्या बायका डबा घेऊन तिच्या शेजारीच उभ्या असत.

आतल्या बातम्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून मिळायच्या. खिडकी बंद, काचेमागे आत्ती, आणि हातवारे. पहिले दोन दिवस अण्णांचं चिन्ह चांगलं नव्हतं. आत्ती हात आडवा हलवायची, म्हणजे आहे तसंच. तिसऱ्या दिवशी आत्तीला यंत्रानं सांगितलेला ताप आला, अगदी सांगितला तेवढा. ती शेजारच्या सतरंजीवर दोन दिवस पडून राहिली आणि यंत्राचं बरोबर निघालं म्हणून चिडली. मग उठली आणि वॉर्डाचा ताबा घेतला. कुणी पालथं झोपायचं, कुणी उठून बसायचं, कुणी बिस्किटं लपवलीत, सगळ्यांवर तिचा पहारा. मगदूम डॉक्टर म्हणाले, पगार देता आला असता तर ठेवून घेतली असती.

साखर मोजताना अण्णा अजून डोळे मिटत आणि कानांत बोटं घालत. नर्स आकडा आत्तीच्या कानात सांगे. एकदा आत्तीनं त्यांचे दोन्ही हात कानांवरून काढले, असं तिनं मागाहून सांगितलं. ती म्हणाली, “सर्जा, तुझा आकडा मी दोन वर्सं वाह्यला. आता तुझा तू घे.” त्यावर अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं ते दिवसभर.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी डबा घेऊन नेहमीच्या जागी उभी होती. डब्यात मुगाचं कढण होतं. फाटकाच्या गजाला हात लावला तेव्हा तिच्या मनात आलं, की अण्णा अस्सेच उभे असतील, हाच हात, हाच डबा, आणि मान अशीच वर. तिनं मान वर केली.

काचेमागे आत्ती नव्हती. अण्णा होते. उभे होते, नाकात नळी होती, एक हात खिडकीच्या चौकटीला घट्ट धरलेला. इतके वाळलेले की सदरा खांद्यावरून घसरत होता. त्यांनी तिला पाहिलं. मग मोकळा हात काचेशी आणला आणि एक बोट वर केलं. थांबले. आठ बोटांना दोन हात लागतात, म्हणून चौकट सोडावी लागणार होती. मागून आत्तीनं त्यांना कमरेला धरलं, तेव्हा त्यांनी चौकट सोडली आणि दोन्ही हातांची मिळून आठ बोटं दाखवली. शेवटी एक मूठ वळली आणि ती काचेवर टेकवली.

“काय म्हणतायत?” शेजारच्या बाईनं विचारलं.

“एकशे ऐंशी,” केतकी म्हणाली. “त्यांची साखर एकशे ऐंशी आहे.”

आणि खालून तिनंही एक बोट वर केलं, मग आठ, मग मूठ, म्हणजे आकडा पोचला हे त्यांना कळावं.